सोसायटीच्या रिडेव्हलपमेंटमध्ये नेट झिरो नेमकं बसवायचं कुठे? (मुलुंड, मुंबई)

मुलुंडची_प्लॅनर

नमस्कार. मी एका पीएमसी (प्रोजेक्ट मॅनेजमेंट कन्सल्टंट) ऑफिसात प्लॅनर आहे, चार वर्षं झाली, काम जवळजवळ सगळं रिडेव्हलपमेंटच्या फिजिबिलिटीचं, म्हणजे नवी बिल्डिंग प्लॉटवर बसते का आणि परवडते का याच्या हिशोबाचं. सध्या मुलुंड पूर्वेची एक १९७४ सालची सोसायटी आमच्याकडे आलीय, तळमजला अधिक चार, ३२ घरं, ऑडिटमध्ये सी-१ निघालीय म्हणजे दुरुस्तीचा विषयच संपला, पाडायचीच. मागच्या मीटिंगला कमिटीतल्या एका काकूंनी विचारलं, "अगं, मुंबई २०५० पर्यंत नेट झिरो करणार म्हणतात ना, मग आपली नवी बिल्डिंग त्यात कुठे बसते?" आणि मला खरंच काही सांगता आलं नाही. घरी येताना ट्रेनमध्ये तेच डोक्यात. नेट झिरो म्हणजे जेवढा कार्बन हवेत जातो तेवढाच परत शोषून हिशोब शून्यावर आणणं, एवढं माहीत होतं, पण पुढे काय?

तेव्हापासून रोज रात्री मुंबईचा क्लायमेट अ‍ॅक्शन प्लॅन आणि डीसीपीआर २०३४ (मुंबईची बांधकाम नियमावली) शेजारी शेजारी ठेवून वाचतेय. पहिल्यात सगळं आहे, २०१९ हे पायाभूत वर्ष धरून शहराचं उत्सर्जन साधारण २ कोटी ३४ लाख टन, त्यातलं ७२ टक्के वीज आणि इंधनाचं, २० टक्के वाहतुकीचं, ८ टक्के कचऱ्याचं, मग २०३० पर्यंत ३० टक्के कमी, २०४० पर्यंत ४४ टक्के आणि २०५० ला नेट झिरो. दुसऱ्यात एफएसआय (प्लॉटवर किती बांधता येतं), फंजिबल (त्यावर मिळणारं जादा क्षेत्र), मार्जिन (इमारतीभोवती सोडायची मोकळी जागा), प्रीमियम (सवलतीसाठी भरायचे पैसे). पण एकातला आकडा दुसऱ्यात कुठे उतरतो ते काही केल्या सापडत नाही, आणि माझं रोजचं काम तर दुसऱ्याच कागदावर चालतं.

मग मी स्वतःच ढोबळ हिशोब मांडला, चुकला असेल तर प्लीज सांगा. नवीन टॉवर पोडियमवर (म्हणजे खालच्या पार्किंगच्या मजल्यांवर) २२ मजली, ८८ घरं. घरामागे महिन्याला २५० युनिट धरले तर वर्षाला २ लाख ६४ हजार युनिट. लिफ्ट, पंप, सांडपाणी शुद्ध करणारं एसटीपी, पार्किंगचे पंखे मिळून कॉमन मीटरचे ६० हजार. एकूण सव्वातीन लाखाच्या आसपास. गच्ची साडेचार हजार स्क्वेअर फूट, त्यातून टाकी, लिफ्ट मशीन रूम आणि जिना वजा केला तर जेमतेम अडीच हजार उरते, म्हणजे २५ किलोवॅट सोलर, वर्षाला फार तर ३४ हजार युनिट. दहा टक्के! बाकीचे नव्वद टक्के आपल्या प्लॉटवर तयार होऊच शकत नाहीत. सगळ्या ब्रोशरमध्ये "ग्रीन" लिहिलेलं असतं, आणि हे आकडे बघून मला त्या शब्दाची काळजी वाटायला लागलीय.

आणि याहून मोठा धक्का पुढे आहे. स्ट्रक्चरलवाल्या सरांना विचारलं तर म्हणाले पोडियम धरून १ लाख ६० हजार स्क्वेअर फुटाच्या बांधकामाला साधारण ८०० टन स्टील आणि २,९०० टन सिमेंट लागेल. टनाला स्टीलचा अडीच टन कार्बन (म्हणजे कार्बन डायऑक्साइड) आणि सिमेंटचा पाऊण टनाच्या आतबाहेर धरला तरी चार हजार टन होतात. विजेचा युनिटमागे ०.७ किलो धरून वर्षाचा हिशोब येतो २२७ टन. म्हणजे माणसं राहायला यायच्या आधीच सतरा-अठरा वर्षांच्या विजेएवढा कार्बन आपण बांधून मोकळे होतो, आणि फिजिबिलिटी रिपोर्टमध्ये त्याची एक ओळसुद्धा नसते.

तर प्रश्न असा की एका साध्या प्लॅनरने, जिच्या हातात ना कायदा आहे ना महापालिका, नेट झिरो हे आपल्या रोजच्या कामात नेमकं कुठे घालायचं? फिजिबिलिटीत, डेव्हलपर निवडायच्या टेंडरमध्ये, की आयओडीला (महापालिकेच्या बांधकाम मंजुरीच्या वेळी)? की हा प्रश्नच चुकीच्या जागी विचारतेय मी?

---

निवृत्त_नगररचनाकार

प्रश्न अगदी योग्य जागी विचारलाय तुम्ही. मुंबईचं प्लॅनिंग डीपीच्या (शहराच्या विकास आराखड्याच्या) रंगीत नकाशावर जेवढं होतं त्याहून जास्त तुमच्यासारख्यांच्या टेबलावर होतं. नवी जमीन उरलेली नाही, शहर बदलतंय ते एकेका सोसायटीच्या फाइलने. आज ज्या इमारतीला आयओडी मिळतेय ती २०५० मध्ये वीस-बावीस वर्षांची असेल, म्हणजे तेव्हाची मुंबई आपण आत्ताच मंजूर करतोय. हे मी नोकरीत असताना कुणी इतकं स्पष्ट सांगितलं असतं तर बरं झालं असतं.

तुमचा हिशोब ढोबळ आहे पण दिशा बरोबर आहे. सोलरच्या दहा टक्क्यांनी निराश होऊ नका. उंच इमारत स्वतःच्या प्लॉटवर नेट झिरो होत नाही, तिची बाकीची वीज ग्रीडमधूनच स्वच्छ व्हावी लागते आणि ते काम प्लॅनरचं नाही. प्लॅनरचं काम मागणी कमी करायचं. त्यात सगळ्यात मोठं हत्यार आपल्याकडे शंभर वर्षांपूर्वीपासून होतं.

१८९६ ला मुंबईत प्लेग आला, १८९८ ला इम्प्रूव्हमेंट ट्रस्ट स्थापन झाला, आणि त्या ट्रस्टने साडेत्रेसष्ट अंशांचा नियम वापरला. सोपं आहे, समोरच्या इमारतीच्या माथ्यापासून तुमच्या खिडकीच्या पायथ्यापर्यंत रेघ ओढली तर तिचा कोन साडेत्रेसष्ट अंशांपेक्षा जास्त नको, म्हणजेच इमारत जेवढी उंच त्याच्या निम्मं अंतर मोकळं. दादर-माटुंग्याच्या जुन्या स्कीमच्या गल्लीत दुपारी जाऊन उभे राहा, उजेड आणि वारा दोन्ही अजून तिथे आहेत, दिवसा ट्यूब लावायची वेळ येत नाही. हा नियम रोगासाठी केला होता, पण उजेड-हवा मिळाली की वीजही कमी लागते, तेव्हा तो आपला पहिला ऊर्जा-नियमच म्हणा.

आज काय होतं, तर मार्जिन कमी पडलं की डेफिशियन्सीचा प्रीमियम भरा आणि सवलत घ्या. पैसे एकदाच भरले जातात आणि अंधार पुढची साठ वर्षं. माझं स्पष्ट मत आहे की ही सवलत नुसत्या पैशावर मिळू नये. खालच्या मजल्यांना दिवसाचा किती उजेड मिळतो आणि भिंती-खिडक्यांतून किती उष्णता आत येते ते दाखवा, मग सवलत मागा. मोजायची पद्धत तयार आहे, केंद्राच्या २०१८ च्या इको निवास संहितेत भिंती आणि खिडक्यांतून आत येणाऱ्या उष्णतेची मर्यादा दिलीय, चौरस मीटरला १५ वॅट. तुमच्या आर्किटेक्टकडून तो एक आकडा मागून घ्या, एका दिवसाचं काम आहे.

फिजिबिलिटीबद्दल म्हणाल तर एरिया स्टेटमेंटच्या खालीच कार्बनचा तक्ता टाका. वेगळं परिशिष्ट करू नका, परिशिष्ट कुणी उघडत नाही. बांधकामाचा कार्बन, वर्षाचा विजेचा कार्बन, आणि डेव्हलपरच्या प्रत्येक ऑफरमध्ये हे दोन आकडे किती. कार्पेट, कॉर्पस (मेंबरांना मिळणारी एकरकमी रक्कम) आणि भाडं जसं शेजारी शेजारी बघतात तसंच हेही बघू देत.

अजून एक. हा डीपी २०३४ ला संपतो आणि पुढचा वीस वर्षांचा डीपी म्हणजे २०५० त्याच्या पोटातच आलं. मागच्या वेळी फेब्रुवारी २०१५ ला मसुदा आला, एप्रिलमध्ये तो मागे घ्यावा लागला, आणि मंजुरी मिळेपर्यंत २०१८ उजाडलं. म्हणजे पुढच्याची तयारी आत्तापासूनच लागते, कुठल्या वॉर्डात वीज किती लागते आणि ऊन किती साठतं याचे नकाशे नसतील तर पुन्हा फक्त रस्ते आणि आरक्षणंच रंगवली जातील. २०२४ पासून महापालिका क्लायमेट बजेट वेगळं दाखवतेय, पैशाच्या बाजूने सुरुवात झालीय. जमिनीच्या बाजूने अजून व्हायचीय.

---

बोरिवली_सेक्रेटरी

मी प्लॅनर वगैरे नाही, सोसायटीचा सेक्रेटरी आहे, आमचं रिडेव्हलपमेंट होऊन तीन वर्षं झाली. ताई तुम्ही हे सगळं आधी विचारताय हेच मोठं, कारण आम्ही नाही विचारलं आणि आता रोज भोगतोय.

आमचं सगळं लक्ष कार्पेट किती वाढतंय आणि भाडं वेळेवर मिळेल का याच्यावर. बिल्डिंग झाली देखणी. पण पश्चिमेला हॉलला पूर्ण काच आणि वर चज्जाच नाही, जुन्या घरात दोन फुटी चज्जा होता, पावसात खिडकी उघडी ठेवून बसायचो. आता मार्चपासूनच दुपारी तीननंतर हॉलमध्ये बसवत नाही. ज्या घरांत आयुष्यात एसी नव्हता त्यांनी दोन दोन लावलेत. आणि त्या एसीची बाहेरची युनिटं सगळी एकाच अरुंद डक्टमध्ये एकावर एक, खालच्याची गरम हवा वरच्याला, वरच्या मजल्यांचे एसी चालतात खूप आणि थंड करतात कमी. आमच्या बाराव्या मजल्यावरच्या जोशी काकूंचं बिल त्यांच्या जुन्या घराच्या चौपट येतं आणि त्यांची पेन्शन आहे तेवढीच आहे.

सोलरचं सांगतो. पीएम सूर्यघर योजनेत सोसायटीच्या कॉमन वापरासाठी किलोवॅटला १८ हजार सबसिडी आहे म्हणून आम्ही उत्साहाने वेंडरला बोलावला, त्याने गच्ची बघितली आणि म्हणाला टाकी दक्षिणेलाच बांधलीय, अर्ध्या गच्चीवर तिचीच सावली. ४० ची अपेक्षा होती, २० किलोवॅट बसले. तरी कॉमन मीटरला चांगलाच फरक पडलाय, वर्षाला २६-२७ हजार युनिट निघतात. पण टाकी उत्तरेला ढकलायला कागदावर काय खर्च होता सांगा? एक रेघ हलवायची होती फक्त. आता काँक्रीटची टाकी कोण हलवणार.

म्हणून माझं म्हणणं, आयओडीची वाट बघू नका, टेंडरमध्येच लिहा आणि मग डीएमध्ये (डेव्हलपरबरोबरच्या करारात) तेच शब्द जसेच्या तसे येऊ देत. चज्जा किती फुटाचा, टाकी कुठल्या दिशेला, गच्चीवर सोलरसाठी किती जागा रिकामी, एसीच्या युनिटला मोकळी हवा, पार्किंगमध्ये चार्जिंगची केबल. डीएवर सही झाली की त्यानंतर बोललेलं सगळं म्हणजे विनंती. डेव्हलपर वाईटच असतो असं नाही, आमच्यावाल्याने मागितलं असतं तर चज्जा दिलाही असता, आम्हीच मागितला नाही.

---

गोवंडी_आर्किटेक्ट

वरची चर्चा वाचून बरं वाटलं पण थोडं गोवंडीकडे या. मी एम पूर्व वॉर्डात काम करते. इथे लल्लूभाई कंपाउंड, नटवर पारेख कंपाउंड या पुनर्वसन वसाहतींमध्ये इमारती इतक्या खेटून आहेत की दोन इमारतींत तीन मीटर अंतर, मजले सात-आठ. २०१८ मध्ये या वसाहतींचा अभ्यास झाला, त्यात खालच्या मजल्यांवर ऊन आणि हवा पोचत नाही आणि टीबीचा त्याच्याशी संबंध दिसतो असं निघालं. निवृत्त सर ज्या साडेत्रेसष्ट अंशांबद्दल सांगतायत ना, तो नियम ज्या कारणासाठी केला ते कारण इथे शंभर वर्षांनी परत आलंय.

यात नेट झिरो कुठे, तर मी ज्या घरांत जाते तिथे सकाळी अकरा वाजतासुद्धा ट्यूब चालू असते आणि पंखा चोवीस तास. २२५ किंवा २६९ चौरस फुटांचं घर, वापरून वापरून किती वीज वापरणार, पण जी लागते ती फक्त अंधार आणि कोंदटपणा घालवायला लागते. सुख काहीच नाही त्यात. आणि जवळच देवनार, १९२७ पासून शहराचा कचरा तिथे येतोय, ओला कचरा कुजून मिथेन निघतो आणि मिथेन शंभर वर्षांच्या हिशोबात कार्बन डायऑक्साइडच्या सत्तावीस-अठ्ठावीस पट तापवतो. आग लागली की धूर आमच्या पोरांच्या छातीत. तुमच्या मुलुंडच्या टॉवरमध्ये ओला कचरा जागच्या जागी जिरवायची खरोखर चालणारी व्यवस्था ठेवलीत, नुसती प्लॅनवर दाखवायला नाही, तर त्याचा फायदा इकडे गोवंडीला होतो. हे कार्बनच्या तक्त्यात नक्की लिहा.

मला भीती एकाच गोष्टीची वाटते, की नेट झिरो म्हणजे ज्यांना परवडतं त्यांच्या टॉवरचं सर्टिफिकेट होऊन बसेल आणि एसआरएच्या (झोपडपट्टी पुनर्वसनाच्या) फाइलला कुणी हा प्रश्न विचारणारच नाही. नियम करायचा तर आधी तिथे करा जिथे खिडकी उघडूनही काही आत येत नाही.

---

सेंट्रल_लाइनवाला

थोडक्यात लिहितो. वाहतुकीचे २० टक्के कुणी धरलेच नाहीत. मुलुंड पूर्वेची सोसायटी म्हणजे स्टेशन चालत जायच्या अंतरावर, पलीकडे एलबीएस रोडवर मेट्रो ४ चं काम चालू आहे. अशा ठिकाणी चार मजले पार्किंगचं पोडियम कशासाठी? नियमात लागतं तेवढं द्या, पण बिल्डर त्याहून जास्त देतो कारण फ्लॅट पार्किंगसकट विकला जातो. त्या चार मजल्यांचं सिमेंट-स्टील तुमच्या चार हजार टनांत आहेच, वर जेवढी पार्किंग तेवढ्या गाड्या, आणि गाडी दारात असली की स्टेशनलासुद्धा माणूस गाडीने जातो, हे मी आमच्याच बिल्डिंगमध्ये बघतोय.

आणि मागचं गेट! आमच्या लेआउटमधून स्टेशन चार मिनिटांवर होतं, शेजारच्या सोसायटीचं रिडेव्हलपमेंट झालं, कंपाउंड वॉल आठ फूट झाली, मधली वाट बंद, आता वळसा घालून बारा मिनिटं. आई गुडघ्यांमुळे रिक्षाच करते. प्लॅनमध्ये एक पायवाट ठेवा, रात्री अकराला कुलूप लावा हवं तर, पण ठेवा.

---

मुलुंडची_प्लॅनर

सगळ्यांचे मनापासून आभार, दोन दिवस उत्तर दिलं नाही कारण खरंच बसून काम करत होते.

पार्किंगचा मुद्दा लगेच तपासला. स्ट्रक्चरलवाल्या सरांबरोबर बसलो, पोडियमचे चार मजले आहेत त्यातला नियमापुरता लागणारा भाग अडीच मजल्यांचा निघतो. दीड मजला कमी केला तर त्यांच्या अंदाजाने तीनेकशे टन कार्बन वाचतो, म्हणजे आमचं २५ किलोवॅटचं सोलर बारा-तेरा वर्षांत जेवढं वाचवेल तेवढा, आणि तो पहिल्याच दिवशी! मी सोलरच्याच मागे लागले होते आणि मोठी गोष्ट पोडियममध्ये होती. सिमेंटसाठी त्यांनीच सुचवलं की फाउंडेशन आणि राफ्टला स्लॅगचं (लोखंडाच्या भट्टीतल्या मळीचं) प्रमाण जास्त, म्हणजे सिमेंट कमी असलेलं काँक्रीट चालतं, ताकद यायला जरा दिवस जास्त लागतात पण तिथे घाई नसते, वरच्या स्लॅबला मात्र सायकल लांबते, म्हणजे एकेका मजल्याला जास्त दिवस लागतात, म्हणून डेव्हलपर तयार होत नाहीत. तेवढं तर तेवढं, टेंडरमध्ये लिहितेय.

बोरिवलीच्या काका, तुमची टाकीची गोष्ट मी आमच्या आर्किटेक्टला वाचून दाखवली, ते काही बोलले नाहीत पण संध्याकाळी गच्चीचा नवीन प्लॅन आला, टाकी उत्तरेला. सोलर ३२ किलोवॅटपर्यंत जातंय आता. चज्जा सगळ्या पश्चिमेच्या खिडक्यांना.

निवृत्त सर, उजेडाचं गणित सगळ्यात अवघड जातंय. एका बाजूला मार्जिन कमी आहे आणि प्रीमियम भरून सवलत घ्यायचीच असं सगळ्यांनी गृहीत धरलंय, पूर्ण मार्जिन सोडलं तर प्रत्येक मजल्यावर एक घर छोटं होतं आणि मेंबरांना कबूल केलेलं कार्पेट बसत नाही. खालच्या तीन मजल्यांची उत्तरेकडची आठ-नऊ घरं अंधारी होणार हे दिसतंय. कमिटीतल्या काकूंपासून हे लपवायचं नाहीये मला. उजेडाचा नकाशा काढून रविवारच्या जनरल बॉडीत भिंतीवर लावणार आहे, प्रत्येक घराच्या नंबरासकट. ऑफिसमधून थोडा विरोध आहे, म्हणतात मेंबर भडकतील. भडकू देत, त्यांचंच घर आहे.

गोवंडीच्या ताई, तुमचं वाचून गप्पच झाले. आमच्या ऑफिसात एसआरएच्या दोन फाइली आहेत, मी त्यांवर काम करत नाही पण हाच तक्ता त्यांनाही लावू द्या असं विचारलंय.

एक मदत हवी होती. नवीन टॉवरचा खरा वापर किती असतो याचे आकडे माझ्याकडे नाहीत, २५० युनिट मी अंदाजानेच धरलेत. कुणाकडे रिडेव्हलपमेंटच्या आधीची आणि नंतरची बिलं असतील तर नावं खोडून द्याल का?

---

बोरिवली_सेक्रेटरी

देतो की. कॉमन मीटरची तीन वर्षांची फाइल माझ्याकडेच आहे. घरांची बिलं मेंबरांना विचारून घ्यावी लागतील, आत्ताच ग्रुपवर टाकलं, अकरा जणांनी हो म्हटलंय, जोशी काकूंनी तर जुन्या घराची २०१६ पासूनची बिलं प्लास्टिकच्या पिशवीत जपून ठेवलीत. शनिवारी सकाळी त्यांच्याकडे बसून सगळी स्कॅन करतो, रविवारच्या तुमच्या मीटिंगआधी मिळतील.

---

निवृत्त_नगररचनाकार

रविवारी किती वाजता आहे मीटिंग? उजेडाचा नकाशा लावणार असाल तर मी येतो. अंधाऱ्या घरांचे मेंबर प्रश्न विचारतील तेव्हा सवलतीचा नियम मूळ काय आहे हे सांगायला कुणीतरी हवं, आणि मेंबरांनी ठरावात लिहून मागितलं तर त्या बाजूचं डिझाइन बदलायला अजून वेळ आहे, प्लॅन सबमिट झालेले नाहीत ना?

---

मुलुंडची_प्लॅनर

नाही सर, अजून सबमिट नाहीत. सकाळी दहा वाजता, सोसायटीच्याच गच्चीवर. नक्की या.